पाच अक्षरी, टी असलेला

आमचं घर मुळातच संशयी. बाबा ओळखीच्या दुकानातलं मीठसुद्धा जिभेवर ठेवून बघायचे आणि मगच पुडी बांधून घ्यायचे. आईच्या माहेराहून, म्हणजे सिहोऱ्याहून, कोणी अचानक आलं की हातात पाण्याचा गडवा देता देताच ती त्याच्या येण्यामागचं खरं कारण मनात लावून बघायची. मी त्या दोघांचा मुलगा. आता शाळेतून निवृत्त होऊन घरी बसलोय, तरी दारात कोणी कागद घेऊन आला की आधी कागद उलटा करून मागची बाजू बघतो. पुढच्या बाजूचं काय, ते तर मी वाचावं म्हणूनच लिहिलेलं असतं.

तेव्हा पानीबाबू आमच्याकडे खोली घेऊन राहायला आला आणि आम्ही त्याच्यावर संशय घेतला, यात विशेष काही नाही. विशेष जे झालं ते नंतर, आणि ते माझ्या हातून झालं.

गाव आमचं वैनगंगेच्या काठावर, भंडारा आणि पवनीच्या मधे. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. गोसीखुर्दला मोठं धरण होणार असं बोललं जात होतं. कोणी म्हणे पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत येणार, कोणी म्हणे शाळेच्या कौलांपर्यंत, कोणी म्हणे नुसत्या गप्पा आहेत, काही होत नाही. नक्की कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता. आमच्या सात बांध्या अगदी नदीलगत होत्या. बांधी म्हणजे धानाचं चौकोनी शेत, चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेलं. गावचं सगळं शिवार अशा लहानमोठ्या चौकोनांचं. दरडीवर उभं राहून खाली पाहिलं की चौकोनाला चौकोन लागलेला दिसायचा. त्यातल्या सात आमच्या, आणि सातांपैकी दोन बाबांनी स्वतः टोपलीने माती वाहून केलेल्या. त्या गेल्या तर आमच्याकडे खायला काही उरणार नव्हतं.

पानीबाबू त्या वर्षी आषाढात आला. सरकारी माणूस. नदीत उभ्या पट्ट्या रोवलेल्या होत्या, त्यांवरचे आकडे वाचायचे, पाणी किती चढलं किती उतरलं ते लिहून वर कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं खरं नाव गावात कोणी घेतलं नाही. पाणी मोजतो म्हणून पानीबाबू. चाळिशीचा असेल, सांगलीकडचा. बायको आणि लहान मुलगी तिकडे त्याच्या आईजवळ होती. मुलगी झाल्यापासून तिला तीनदाच पाहिलंय, हे त्याने पहिल्याच दिवशी आईला सांगून टाकलं. त्याच्या खात्यात इंग्रजीची एक परीक्षा होती. ती पास झाला की तो कारकून होणार आणि घराजवळ बदली मिळणार. दोनदा नापास झाला होता. तिसरी वेळ शेवटची, त्यानंतर बसू देत नाहीत. परीक्षा पौषात, नागपूरला.

बाबांना यातलं काहीच पटलं नाही.

"चाळीस वर्साचा मानूस परीक्षा देते?" ते आईला म्हणाले. "आन् सांगलीचा मानूस इकडं कायले आला पानी मोजाले? तिकडं नदी नाही का?"

"मले तं भला वाटते," आई म्हणाली.

"भला वाटते म्हनूनच म्हनतो."

तरी खोली दिली. सरकारी माणसाला नाही म्हणायची भीती होती, आणि डोळ्यांसमोर असलेला बरा, असाही बाबांचा हिशेब होता.

आता माझं सांगतो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. भंडाऱ्याला कॉलेजात गेलो आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत गचकलो. घरी सांगितलं की कावीळ झाली म्हणून वर्ष गेलं. कावीळ खरंच झाली होती, पण परीक्षेनंतर. मी ती जरा अलीकडे ओढली. गावाला काय, मी कॉलेजातून आलेला, म्हणून 'इंग्लिशवाला'. खताचं पोतं आलं की मला बोलावायचे, औषधाची बाटली आली की मला बोलावायचे. पोत्यात खत आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, त्यामुळे वाचून दाखवताना मी कधी चुकलो नाही. बाबा अशा वेळी बाजूला उभे राहून काहीच बोलायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा मी बघायचो. पोराने वाचलं आणि त्यांनी मान डोलवली, झालं.

पानीबाबू सकाळी आठला नदीवर जायचा, मग दुपारी, मग संध्याकाळी. मधला सगळा वेळ तो ओसरीवर चटई टाकून एका जाड, लाल पुठ्ठ्याच्या वहीत मान घालून बसायचा. भंडाऱ्याहून येणारा एसटीचा कंडक्टर त्याच्यासाठी जुने इंग्रजी पेपर आणायचा. पेपर तो वाचायचाच नाही. त्यातला एक चौकोन तेवढा कात्रीने कापायचा, वहीत चिकटवायचा आणि तासन् तास त्याच्याकडे टक लावून बघायचा. मी समोर दोर वळत बसल्याचं सोंग करून त्याच्याकडे बघायचो.

तो चौकोन मी ओळखला होता, हे इथेच कबूल करतो. कॉलेजच्या वाचनालयात मोठ्या वर्गातली पोरं त्यावरून भांडायची. काळी आणि पांढरी घरं, पांढऱ्यांच्या कोपऱ्यात बारीक आकडे, खाली अर्थ दिलेले. अर्थावरून शब्द ओळखायचा, इतक्या अक्षरांचा, आणि घरांत भरायचा. खेळच तो. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती पटणं वेगळं. सरकारी पगार घेणारा, दोन वेळ जेवणारा माणूस दिवसभर रिकाम्या घरांत अक्षरं भरत बसतो, याच्यामागे दुसरं काहीतरी असणारच, असं मला वाटायचं.

शिवाय वहीच्या उरलेल्या पानांवर त्याच्या याद्या होत्या. चार अक्षरी, के असलेले. पाच अक्षरी, टी असलेले. सहा अक्षरी, डब्ल्यू असलेले. प्रत्येक पानाच्या डोक्यावर फक्त एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर. खाली ओळीने क्रमांक, शब्द इंग्रजीत, अर्थ मराठीत. मी न राहवून एकदा विचारलं, हे असं कशाला?

"परीक्षेत अर्थ देतात आणि एक शब्द विचारतात," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात शब्द नुसता राहतच नाही हो. किती घरं आणि त्यातलं एक अक्षर, एवढं धरून ठेवलं की सापडतो. तीन वर्षं जमवतोय हे. आता तुम्ही कॉलेजात होता, तुम्हाला हसूच येईल." आणि त्याने नवा चौकोन माझ्यापुढे सरकवला. "हा बघा, जमतोय का?"

"बैल सोडाचे हायेत," म्हणून मी उठलो. बैल बाबांनी कधीच सोडले होते.

दिवाळी झाली. धान पिकून पिवळं झालं होतं. एक दिवस नदीच्या पलीकडच्या काठावर एक जीप येऊन थांबली, चार माणसं उतरली, त्यांनी आमच्या बाजूला हात करून काहीतरी दाखवलं आणि ती निघून गेली. एवढंच झालं. पण गावाला तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी काका आमच्या अंगणात आले. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांच्या बांध्या आमच्या बांध्यांना लागून.

"तुह्या घरी नकाशा हाये," ते बाबांना म्हणाले. "म्या भिंतीवरून पाह्यला. सारे चौकोन. काही कोरे, काही कारे. आन् नंबर टाकून हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पानीबाबू नदीवर गेला तसे बाबा त्याच्या खोलीत शिरले आणि वही घेऊन अंगणात आले. तोवर दहाबारा माणसं जमली होती. काकांनी वही उघडली, चौकोनाचं पान काढलं आणि सगळे त्यावर वाकले.

मला आजही ते दृश्य आठवलं की हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. काकांनी एका लांबट पांढऱ्या रांगेवर बोट ठेवलं. "हे पाय. हे माही. लांब हाये ना? आन् याच्या बाजूले तुह्या." झालं, प्रत्येकाला आपापली बांधी सापडायला लागली. एकाला तलावाकडून येणारा पाट सापडला. दुसऱ्याच्या शेताचा नंबर चौदा होता, त्याला कोपऱ्यात चौदा लिहिलेलं घर दिसलं आणि तो तिथेच मटकन बसला. ज्यांनी जन्मभर चौकोनांत चिखल तुडवला, त्यांना कागदावरचे चौकोन दिसल्यावर दुसरं काय दिसणार? काळी घरं म्हणजे बुडणाऱ्या बांध्या, हे कोणी कोणाला सांगावं लागलं नाही.

"ही कारी बांधी कोनाची?" एकाने विचारलं.

"तुहीच."

"माही काहून? माही तं वर हाये. ही तुह्या भावाची."

दोन सख्खे भाऊ एका काळ्या घरावरून हातघाईवर आले. बाबांनी त्यांना गप्प केलं आणि पान उलटलं. पुढे याद्या. डोक्यावर पाचचा आकडा आणि टी. मराठी अर्थ वाचण्यापुरतं बऱ्याच जणांना येत होतं. काका मोठ्याने वाचायला लागले. "हद्द. जमिनीचा पट्टा. चर. हक्क." मग थोडं थांबून, "घरातून बाहेर काढणे."

मागे उभे असलेलेही पुढे सरकले.

मधेच "वाघ" आला. मग "दात". मग "भाजलेला पाव". वाघ म्हणजे जंगलाकडची बाजू, असं काकांनी लगेच लावून दिलं. दात म्हणजे काय यावर कोणीतरी म्हणालं, "दात म्हंजे खानार. बांधी खानार." भाजलेल्या पावाचं कोणालाच लावता आलं नाही, म्हणून तो सोडून दिला.

मग बाबांनी वही माझ्यापुढे धरली. "तू सांग. तू शिकला हायेस. का हाये हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायचं एवढंच होतं, की बाबा, हा पेपरातला खेळ आहे. माझ्या ओठांवर ते आलंही. पण त्या दिवशीचा चौकोन अर्धा रिकामा होता, आणि पानीबाबूचं पेन वहीतच अडकवलेलं होतं. मी खेळ म्हटलं असतं तर काकांनी ते पेन माझ्या हातात दिलं असतं आणि म्हटलं असतं, मग भर. आणि मला त्यातलं एकसुद्धा घर भरता आलं नसतं. कावीळ कधी झाली होती ते तिथल्या तिथे उघडं पडलं असतं, बाबांसमोर, साऱ्या गावासमोर.

मी वही घेतली. "घरातून बाहेर काढणे" याच्या डावीकडे लिहिलेला शब्द मोठ्याने वाचला. "इव्हिक्ट." पहिल्या फटक्यात बरोबर वाचला.

"कचेरीतला शब्द हाये," मी म्हटलं.

आणि ते खोटंही नव्हतं. मी कचेरीतला म्हटलं आणि गप्प बसलो. पुढचं सगळं त्यांचं त्यांनी समजून घेतलं.

बाबा ओरडले नाहीत, काही नाही. त्यांनी सुतळी आणि एक दगड आणला आणि माझ्या हातात दिला. "डोहात टाकून ये." मी गेलो. पानीबाबू जिथे आकडे वाचत उभा होता तिथून बराच वर, वळणापलीकडे डोह आहे. मी वहीला दगड बांधला आणि फेकली. मला त्या वेळी वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

पानीबाबू परत आला आणि वही शोधायला लागला. चटईखाली, ट्रंकेत, आढ्यावर, गोठ्यात. शेवटी बाबांना विचारलं.

"उंदीर," बाबा म्हणाले.

"एवढी वही?"

"इकडले उंदीर मोठे असतेत."

त्या दिवसापासून संशय उलटा फिरला. आता तो आमच्याकडे बघायला लागला. अंघोळीला जाताना खोलीला कुलूप लावायचा. आईने भाजी दिली तर आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, मग वाटी घ्यायचा. काका रस्त्याने दिसले की थांबून ते जाईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहायचा. कंडक्टरवरसुद्धा त्याचा संशय होता. घरात एक मीच तेवढा सुटलो होतो, आणि का, तेही त्याने मला तोंडावर सांगितलं.

"तुम्ही शिकलेले आहात," तो म्हणाला. "शिकलेल्या माणसाचा हात वहीला असा लागणार नाही."

मी खाली बघितलं. त्याला तो विनय वाटला असावा.

परीक्षेला महिनाभर उरला होता. पवनीच्या बाजारातून त्याने नवी वही आणली आणि मला म्हणाला, माझ्यावर एक उपकार करा. डोळे मिटून बसलो की मला जुनी पानं दिसतात, पण लिहायला डोळे उघडले की जातात. मी सांगतो, तुम्ही लिहा. नाही कसं म्हणणार? रोज दुपारी ओसरीवर आम्ही बसायचो. तो भिंतीला टेकून डोळे मिटायचा आणि एकेक अक्षर सुटं करून सांगायचा, मग अर्थ. कुठल्या पानावर किती शब्द होते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आधी तेवढे क्रमांक घालून घ्यायचे आणि मग भरत जायचं.

तो डोळे मिटून बोलत असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. याला कळलंय का? मुद्दाम मला बसवलंय का? हा मला वाचतोय का? त्याने मधेच डोळे उघडले की माझा हात थबकायचा. तो मला "छान अक्षर आहे हो तुमचं" म्हणायचा आणि त्यातही मला काहीतरी दडलेलं वाटायचं. चांगुलपणाचा इतका त्रास मला कधी झाला नव्हता. आणि या सगळ्यात, नको असताना, ते शब्द माझ्या डोक्यात बसत होते.

पाच अक्षरी, टी असलेले, हे पान आलं. चाळीस शब्द होते. एकोणचाळीस त्याने सांगितले, वाघ, दात, भाजलेला पाव, सगळे. तेविसावा राहिला.

"घरातून बाहेर काढणे," तो म्हणाला. "तोच होता. पाच घरं, शेवटी टी. घरं दिसतात हो, आतली अक्षरं दिसत नाहीत." मग डोळे उघडून त्याने मला विचारलं, "तुम्हाला येतो का?"

मला येत होता. त्या क्षणी साऱ्या इंग्रजी भाषेतला मला खात्रीने येणारा तोच एक शब्द होता. पण मी तो सांगितला तर कुठून शिकलो म्हणून सांगणार? साध्यासाध्या शब्दांना अडखळणारा मी, हाच कसा मला येतो? पान मी उघडून पाहिलं होतं हे त्याला कळलंच असतं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने तेविसाव्या ओळीवर माझ्याकडून नुसता अर्थ लिहून घेतला आणि शब्दाची जागा मोकळी ठेवली. त्याच्याकडे एक शब्दकोश होता, पण इंग्रजीतून मराठीचा. शब्द ठाऊक असेल तरच अर्थ सापडणार. तरी तो चिकाटीचा. म्हणाला, नाहीतरी उजळणी करायचीच आहे, पहिल्या पानापासून जातो, वाटेत भेटेल. खूण म्हणून तो शब्दकोशात बसचं तिकीट ठेवायचा. ते तिकीट रोज किती पुढे सरकलं ते मी तो नदीवर गेला की बघायचो. ए झाला, बी झाला, सी संपता संपेना. ते ई पर्यंत पोचावं असं मला वाटायचं, आणि पोचू नये असंही वाटायचं. त्याने आपला आपण शोधला असता तर मी सुटलो असतो. डी संपला आणि परीक्षेचा दिवस आला.

आईने त्याच्या तळहातावर दही घातलं. बाबा गोठ्यातून बाहेर आले नाहीत. दोन दिवसांनी तो नागपूरहून परत आला, हातपाय धुतले आणि ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

"दहा अर्थ दिले होते," तो म्हणाला. "सहावा तोच. पेपरवर मी पाच घरं आखली, शेवटच्यात टी लिहिला. बाकीची चार तशीच ठेवून आलो." मग माझ्याकडे वळून त्याने सरळ विचारलं, "तुम्हाला खरंच येत नव्हता?"

"नाही."

त्याने मान हलवली. त्याला काय वाटलं, मला कधीच कळलं नाही. त्या मान हलवण्याचा अर्थ मी पुढे किती वर्षं लावत बसलो, त्याला सुमार नाही.

आठवडाभराने धान घरी आलं. बाबा त्याला म्हणाले, "बाबू, धान ठेवाले जागा नाही. खोली खाली करा लागते." धानाच्या ढोल्यांपैकी दोन रिकाम्या होत्या, त्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याने वाद घातला नाही. ट्रंक भरली. ती नदीपर्यंत मीच उचलून नेली आणि डोंग्यात ठेवली. पलीकडच्या गावात त्याने खोली पाहिली होती.

फाल्गुनात एकदा तो मला पट्ट्यांजवळ भेटला. नापास झाला होता. किती मार्कांनी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, याची मला भीती वाटली. बदली झाली होती, पण घराकडे नाही, खाली गडचिरोलीच्या बाजूला, दुसऱ्या नदीवर, तसल्याच पट्ट्या वाचायला. मुलीला आता शाळेत घालणार, असं पत्र आल्याचं तो बोलला. पिशवीतून त्याने ती नवी वही काढली.

"मला आता लागत नाही," तो म्हणाला. "तुमच्याच अक्षरात आहे, तुम्हीच ठेवा."

मी ती घेतली. त्याच वहीवर पुढल्या साली मी इंग्रजीत पास झालो, बी.ए. झालो, मोहाडीच्या शाळेत लागलो आणि इंग्रजी शिकवायला लागलो. त्याची तीन वर्षं मी खाल्ली, दुसरा शब्द मला त्याला सापडत नाही. तेविसावी ओळ अजून मोकळी आहे. कित्येकदा पेन घेऊन बसलो, हात होत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐंशीचं दशक सरता सरता, धरणाच्या मोजणीची माणसं खरोखर आली. दिवसाढवळ्या, साखळी घेऊन. कागद सगळे मराठीत, वाचता येतील असे. मी तेव्हा सुटीत घरी होतो. बाबांनी त्यांना चहा दिला आणि उन्हात साखळीचं दुसरं टोक स्वतः धरलं. काम झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने नकाशा ओसरीवर पसरला, पानीबाबू चटई टाकायचा अगदी त्याच जागी. आमच्या सातही बांध्या त्यात होत्या. बाबा कितीतरी वेळ त्यावर वाकून राहिले.

"यात कारी कोनती?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाला काही कळलं नाही. तो हसला, नकाशा गुंडाळला आणि ते गेले. अंगणात बाबा आणि मी, दोघेच उरलो. मला आता ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "ते पानीबाबूचं वहीतलं, तो नकाशा नव्हता. पेपरातला खेळ होता. मले तवाच माहीत होतं."

ते रागावतील, उठून जातील, असं मला वाटलं. ते तसेच बसून राहिले, नकाशा होता त्या जागेकडे बघत.

"माह्याही मनात आलं होतं," ते म्हणाले. "दात कायले लिवन कोनी, पाव कायले लिवन. म्हनून तं तुले इचारलं."

ते उठून चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले.

"मीठबी चाखून घेतो मी," बाबा म्हणाले. "तुहं बोलनं तेवढं तसंच घेतलं."